गुणवत्तेचे कैवारी

दरवर्षीं जून-जुलैचे दिवस आले कीं पुण्याच्या सुशिक्षित घरांतून दोन गोष्टी हटकून सुरू होतात. एक, गच्चीच्या गळतीची चिंता. आणि दुसरी, राखीव जागांच्या नांवानें बोटें मोडणें. बारावीचा निकाल लागलेला असतो, प्रवेशपरीक्षेचे गुण हातीं आलेले असतात, आणि हव्या त्या महाविद्यालयाच्या यादींत मुलाचें नांव थोडक्यानें हुकलेलें असतें. मग घरांतील वडील माणूस सुस्कारा टाकून म्हणतें, "काय उपयोग? आपली जात आड आली." शेजारी मान डोलावतात, चहाचा दुसरा पेला येतो, आणि ठराव एकमतानें पास होतो कीं, प्रवेशाच्या अर्जावरील जातीचा रकाना खोडून टाकावा आणि केवळ गुण पाहावे, म्हणजे देशाचें कल्याण होईल.

या ठरावाची आम्ही थट्टा करूं इच्छित नाहीं. ज्या मुलानें दोन वर्षें रात्रीचा दिवस केला आणि जो दोनचार गुणांनीं मागें राहिला, त्याचें दुःख खरें आहे. जातीचा रकाना एक दिवस या देशांतून नाहींसा व्हावा, ही इच्छाही निंद्य नव्हे. आमचा प्रश्न याहून साधा व व्यवहारी आहे: रकाना खोडला, तर मोकळी झालेली जागा जाते कोठें? ती आपल्याच मुलाच्या पदरांत पडेल, हें आपणांस कोणीं सांगितलें? याचें उत्तर तर्कानें देण्याची गरज नाहीं. असा रकाना आपल्या डोळ्यांदेखत खोडला गेला आहे, आणि एकदां नव्हे.

पहिला दाखला घरचाच घेऊं. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें २०१८ च्या नोव्हेंबरांत मराठा समाजास १६ टक्के राखीव जागा देणारा कायदा केला. मुंबई उच्च न्यायालयानें जून २०१९ मध्यें तो मान्य केला, पण शिक्षणांतील प्रमाण १२ टक्क्यांवर आणलें. पुढें ९ सप्टेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यास स्थगिती दिली, आणि ५ मे २०२१ रोजीं त्या राखीव जागा रद्दच केल्या. स्थगिती आली तेव्हां अकरावीचे प्रवेश चालू होते. एक यादी लागली होती, दुसरी लागावयाची होती. सगळें काम दोन महिन्यांहून अधिक काळ खोळंबलें, आणि मराठा म्हणून अर्ज केलेल्या मुलांस पुढें खुल्या वर्गांत धरण्यांत आलें. त्या दिवसांत गुणवत्तेचा जय झाला म्हणून समाधान मानणारे पुष्कळ होते.

हा जय नेमका कोणाचा, याचा हिशेब मांडूं. राज्यांतील जुन्या राखीव जागा ५२ टक्के: अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, इतर मागासवर्ग १९, विमुक्त व भटक्या जमाती मिळून ११ आणि विशेष मागास प्रवर्ग २. त्यांत मराठा समाजाचे १२ मिळविले कीं ६४ होतात व खुल्या वर्गास ३६ उरतात. ते १२ काढले कीं खुल्या वर्गाचे पुन्हां ४८ होतात. पण खुला वर्ग म्हणजे आपलें राखीव कुरण नव्हे. ज्याचे गुण पुरतील तो कोणत्याही जातीचा विद्यार्थी तेथें बसूं शकतो. त्या १२ टक्क्यांवर ब्राह्मण-सारस्वतांच्या मुलांइतकाच उत्तम गुणांच्या माळ्या-धनगरांच्या मुलांचा हक्क होता, आणि पुण्यांतील महागड्या शिकवणीवर्गांत दोन वर्षें घालविलेल्या सधन मराठा मुलाचाही होता. ज्याच्या हातून जागा निसटण्याचा संभव सर्वांत अधिक, तो बीड-धाराशिवकडील कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. मराठा समाजांतील सधनास राखीव जागेची फारशी गरज नव्हतीच. ती गेल्याचा भार निर्धनावर पडला.

गंमत याच्या पुढेंच आहे. २०१९ पासून आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटकांसाठीं वेगळे १० टक्के ठेवलेले आहेत. कित्येक ठिकाणीं त्यासाठीं जागाही वाढविण्यांत आल्या. दुसऱ्या कोणत्याही राखीव वर्गांत न बसणाऱ्या, म्हणजे वर्षाला ८ लाखांखालीं उत्पन्न असलेल्या ब्राह्मण, सारस्वत, गुजराती, मुसलमान आदि घरांतील मुलांचा हा आधार. मराठ्यांच्या राखीव जागा थांबतांच त्यांतील निर्धनांनाही या १० टक्क्यांचें दार उघडावें लागलें, आणि डिसेंबर २०२० मध्यें सरकारनें तें उघडलें. त्यांत अन्याय कांहींच नव्हता. पण राज्यांतील सर्वांत मोठ्या समाजाचे गरीब तेथें वांटेकरी झाले, तेव्हां सदाशिव पेठेंतल्या भिक्षुकाच्या मुलाची वाट रुंद झाली कीं अरुंद? पुढें २० फेब्रुवारी २०२४ रोजीं विधिमंडळानें मराठा समाजासाठीं १० टक्क्यांचा नवा कायदा केला, तेव्हां तेच वांटेकरी त्या दारांतून परत गेले. म्हणजे ज्या निकालावर आपण पेढे वांटले, त्यानें आपल्यांतील गरिबाची गर्दी वाढविली. आणि ज्या कायद्यावर आपण बोटें मोडलीं, त्यानें ती कमी केली. नव्या कायद्यानें खुल्या जागा आटल्या हें खरेंच. पण त्याची झळ ज्याला अधिक लागली तो आपल्यांतील सधन, निर्धन नव्हे. "आपली जात" या दोन शब्दांत किती निरनिराळीं माणसें दडलेलीं असतात, हें यावरून ध्यानांत यावें.

दुसरा दाखला समुद्रापलीकडचा; पण तो परका तरी कसा म्हणावा? कोथरूड-डेक्कनवरील किती घरांचीं नातवंडें आज न्यू जर्सींत व कॅलिफोर्नियांत शिकत आहेत! तेथील सर्वोच्च न्यायालयानें २९ जून २०२३ रोजीं हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांच्या खटल्यांत, प्रवेश देतांना विद्यार्थ्याचा वंश विचारांत घेण्याची पद्धति बेकायदा ठरविली. वंश पाहिल्यामुळें आशियाई मुलांचें नुकसान होतें, अशी तक्रार होती. आणि आपले मराठी आप्तही तेथें आशियाईंतच मोडतात. आतां आपल्या मुलांचें फावेल, असें पुष्कळांस वाटलें. पुढच्या वर्षींचे आंकडे पाहा. मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रविज्ञान-संस्थेंत आशियाई विद्यार्थी सुमारे ४० टक्क्यांवरून ४७ वर गेले. कृष्णवर्णीय सुमारे १३ वरून ५ वर घसरले. गोरे जवळजवळ होते तेथेंच राहिले. म्हणजे एका अल्पसंख्याकाला मिळालें तें श्रीमंत गोऱ्याच्या ताटांतून नव्हे, तर कालच्या गुलामाच्या पणतवंडाच्या ताटांतून. आणि हेंही सर्वत्र घडलें नाहीं. येल येथें त्याच वर्षीं आशियाईंचें प्रमाण ३० वरून २४ वर उतरलें, प्रिन्स्टन येथेंही तें थोडें घटलें. रकाना खोडला कीं आपलें भलें होतें, हा नियम तेथेंही ठरला नाहीं. एक मात्र ठरलें: ज्याचा बाप त्याच विद्यापीठांत शिकला, त्याला झुकतें माप देण्याची हार्वर्डची रीत त्या निकालानें बंद झाली नाहीं. वंश पाहणें अधर्म ठरला. वडिलांचें नांव पाहणें चालू राहिलें.

आतां पुन्हां पुण्यास येऊं. कारण या प्रश्नाचा सर्वांत बोलका दाखला याच शहराच्या पदरचा आहे. पुण्याचे शिक्षणसंस्थाचालक पी. ए. इनामदार यांचें नांव लागलेल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनीं १२ ऑगस्ट २००५ रोजीं असा निर्णय दिला कीं, सरकारी मदत न घेणाऱ्या खासगी व्यावसायिक महाविद्यालयांवर सरकारला आपल्या राखीव जागा लादतां येणार नाहींत. संसदेनें लगेच त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती करून सरकारला तो अधिकार दिला; अल्पसंख्याकांच्या संस्था मात्र त्यांतून वगळल्या. पण त्या निकालाचें दुसरें अंग आमच्या गुणवत्तेच्या कैवाऱ्यांनीं कधीं नीट वाचलें आहे काय? त्याच निकालानें अनिवासी भारतीयांसाठीं १५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवण्यास मोकळीक दिली. त्या जागेस पात्र होण्यासाठीं लागते ती परदेशची मिळकत, आणि तिच्या शुल्काचा आंकडा सामान्य गृहस्थानें ऐकूंही नये असा असतो.

अभिमत विद्यापीठांच्या वैद्यकीय महाविद्यालयांकडे पाहा. तेथें जातीच्या राखीव जागा नाहींत. आपल्या ठरावांतला आदर्श तेथें आजच अमलांत आहे. मग तेथें निवळ गुणवत्ता नांदते काय? ससून रुग्णालयाशेजारच्या सरकारी बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयाचें वर्षाचें शुल्क लाख-दीड लाखांच्या घरांत आहे, आणि तेथील खुल्या वर्गाची यादी अत्युच्च गुणांवर संपते. अभिमत विद्यापीठांत वर्षाला २० लाखांहून अधिक शुल्क सर्रास आहे. तें परवडणारे थोडे, म्हणून तेथील यादी पुष्कळच खालीं उतरते. पात्रतेची किमान रेषा ओलांडलेली असावी आणि बाप सधन असावा, एवढें बहुधा पुरतें. सरकारी महाविद्यालयांत दलित मुलगा कांहीं गुणांनीं मागें असून पुढें गेला, तर आपण म्हणतों, उद्यां रोग्याचे प्राण जातील. त्याहून कमी गुणांचा धनिकपुत्र सव्वा कोट मोजून तीच पदवी घेतो, तेव्हां रोग्याच्या प्राणांची आठवण आपणांस होत नाहीं. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ राखीव जागांवर तासभर बोलून उठतांना सहज म्हणाले, "आमच्या धाकट्याचें झालें हो; जमीन विकली, थोडें कर्ज काढलें." त्यांच्या बोलण्यांत विसंगति आहे, हें त्यांच्या गांवींही नव्हतें. जमीन होती म्हणून जागा मिळाली. तीही राखीवच जागा, केवळ तिचा दाखला तहसीलदार देत नाहीं.

"पण गुण ते गुण, परीक्षा कोणाची जात पाहत नाहीं," असें उत्तर येईल. परीक्षा जात पाहत नाहीं हें कबूल. पण विद्यार्थी परीक्षेच्या दाराशीं पोंचेपर्यंतच्या वाटेवर सगळें पाहिलें गेलेलें असतें. घरांत पुस्तकांचें कपाट होतें कीं नाहीं, आईस वाचतां येत होतें कीं नाहीं, शिकवणीचे दोन-तीन लाख भरतां आले कीं नाहीं, या सगळ्यांचे गुण त्या एका आंकड्यांत मिळविलेले असतात. पुण्याच्या जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें होतें: सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामांतून, आणि त्यावर चाललेल्या उच्च शिक्षणाचा लाभ मिळतो वरच्या वर्गांस. पुढें २४ सप्टेंबर १९३२ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत पुणें करार झाला. त्यांतील विधिमंडळांच्या राखीव जागा सर्वांस ठाऊक असतात. पण प्रत्येक प्रांताच्या शिक्षणखर्चांतून अस्पृश्यांच्या शिक्षणासाठीं पुरेशी रक्कम बाजूला काढावी, असेंही कलम त्यांत होतें, याचें स्मरण थोड्यांस आहे. राखीव जागा ही कोणा मंत्र्याची मेहेरबानी नव्हे. आपल्याच शहरांत, आपल्याच वडिलधाऱ्यांच्या साक्षीनें मान्य झालेल्या ऋणाचा तो हप्ता आहे.

या व्यवस्थेंत दोष नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. इतर मागासवर्गांतील सधनांस वगळण्यासाठीं ८ लाखांची मर्यादा आहे. पण त्या मोजणींत पगार व शेतीचें उत्पन्न धरले जात नाहीं, ही पळवाट बुजलीच पाहिजे. एकाच यादींतील पुढारलेली जात मागासलेल्या जातीचा घांस घेते, हेंही खरें; म्हणूनच १ ऑगस्ट २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अनुसूचित जातींत उपवर्ग पाडण्यास मुभा दिली. खोटे दाखले, पडताळणींतील दिरंगाई, दर निवडणुकीपूर्वीं नवीं आश्वासनें, या सर्वांवर कठोर टीका व्हावी; आमचीही लेखणी मागें राहणार नाहीं. पण कुंपणाला भोकें पडलीं म्हणून कुंपणच उपटा, असें सांगणाऱ्याचा डोळा पिकावर आहे कीं काय, ही शंका शेतकऱ्यास येणारच.

खरी गोष्ट अशी कीं, पांच मुलांच्या पंक्तींत एकच भाकरी वाढलेली आहे, आणि ती कोणीं खावी यावर आपण पिढ्यान् पिढ्या भांडत आहों. भाकरी एकच कां, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. सरकारी वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जागा वाढवा, खेड्यांतील शाळांस गणित-विज्ञानाचे शिक्षक द्या, खासगी शुल्कास लगाम घाला, पैशाच्या राखीव जागा बंद करा, या मागण्यांसाठीं पुण्यांत कधीं मोर्चा निघाला, त्यांत आपल्या वर्गांतील किती माणसें दिसतात? राखीव जागांविरुद्ध मात्र आपल्या तोंडाला खीळ नसते. याचें कारण कटु आहे, तरी सांगितलें पाहिजे: पैशाच्या राखीव जागेचा आपणांस राग येत नाहीं, कारण आज ना उद्यां ती आपल्यास परवडेल अशी आपणांस आशा असते.

तेव्हां पुढच्या जूनमध्यें चहाचा दुसरा पेला येईल, त्या वेळीं वाचकांनीं एवढेंच करावें. यादींत आपल्या मुलाच्या वर किती नांवें राखीव वर्गाचीं आहेत हें मोजून झालें, कीं त्याच्याहून कमी गुण असून किती मुलें पैशाच्या बळावर त्याच पदवीला बसलीं, हेंही मोजावें. दोन्ही आंकडे शेजारीं शेजारीं मांडावे. मग ज्यास गुणवत्तेचा खरा कैवार असेल, त्यानें दुसऱ्या आंकड्यापासून आरंभ करावा. तसें करणारा एकही गृहस्थ भेटला, तर जातीचा रकाना केव्हां खोडावा याविषयीं त्याच्याशीं आनंदानें बोलूं. तोंवर हा कैवार गुणवत्तेचा आहे, असें मानण्यास आम्ही तयार नाहीं.