तांबड्या रश्श्याचा हिशेब

महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात हॉटेलचे मेनूकार्ड उघडले की ‘कोल्हापुरी’ हे विशेषण हटकून भेटते. व्हेज कोल्हापुरी, चिकन कोल्हापुरी, आणि आता पनीर कोल्हापुरीही! या सर्वांत समान गोष्ट एकच, ती म्हणजे नाकाडोळ्यांतून पाणी काढणारा जाळ. ज्या गावाचे नाव या पदार्थांना चिकटले आहे, तेथील माणसाला मात्र ते आपले वाटत नाहीत. कोल्हापूरचे स्वयंपाकघर सौम्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. तिखटपणा हा तेथे रश्श्याचा एक गुण आहे. तिखटपणा म्हणजेच रस्सा, असे तेथे कोणी मानीत नाही. हा भेद वरवर पाककलेचा वाटला, तरी त्याचे मूळ अर्थव्यवहारात आहे.

तिखटपणा ही मुळात स्वस्त वस्तू आहे. पोर्तुगीजांच्या मार्फत सोळाव्या शतकात अमेरिका खंडातून मिरची येथे येईपर्यंत जिभेला चटका देण्याचे काम प्रामुख्याने मिरी करी. मिरीचा वेल ठरावीक दमट प्रदेशातच वाढतो. मिरचीचे रोप मात्र परसातही येते. त्यामुळे तिखट गरिबाच्या भाकरीपर्यंत पोचले. आपल्या परंपरेने तिखटाला षड्रसांत स्थान दिले असले, तरी शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती चव नसून वेदना आहे. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य ज्या ग्राहकांमार्फत दाह जाणवून देते, त्यांचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस हे २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते. वेदना उत्पन्न करण्यास खर्च थोडा येतो आणि तिच्या आड बरेच काही दडते, हे हॉटेलच्या भटारखान्याला नोबेल समितीच्या पुष्कळ आधी ठाऊक होते.

महाग आहे ती चव, आणि तिची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागते. कोल्हापूर-सांगलीकडे ज्याला नुसते ‘चटणी’ म्हणतात, तो कांदा-लसूण मसाला उन्हाळ्यात वर्षभरासाठी केला जातो. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी संकेश्वरी किंवा जवारी, हे प्रमाण घराघरांत वेगळे असते आणि ते बहुधा कोठेही लिहिलेले नसते. मिरची वाळवायची, देठ खुडायचे, धणे, तीळ, खसखस, खोबरे, खडे मसाले, प्रत्येक जिन्नस निराळा भाजायचा, कारण तीळ जळतात तेव्हा धणे अजून कच्चेच असतात. मग डंखावर रांग लावायची आणि घरी आल्यावर दोन दिवस हातांची आग सोसायची. पुढे प्रत्यक्ष रश्श्याच्या दिवशी मटण आधी अळणी शिजते. त्यातले थोडे पाणी पोरांना प्यायला मिळते, उरलेल्याचे दोन भाग होतात. एकात चटणी आणि वाटण पडून तांबडा रस्सा होतो, दुसऱ्यात नारळाचे दूध पडून पांढरा. पांढऱ्यात तर लाल तिखट नसतेच; तरीही त्याला कोल्हापुरी म्हणण्यास कोणाची हरकत नसते.

या पद्धतीत काटकसरही आहे. थोडे मटण आणि खाणारी माणसे अधिक, या जुन्या प्रश्नाला रस्सा हे उत्तर होते. कोल्हापूरच्या खानावळीत आजही मटणाचे तुकडे मोजून येतात आणि रस्सा हवा तितका मिळतो.

मेनूकार्डावरच्या ‘कोल्हापुरी’ची घडण याच्या उलट आहे. गिऱ्हाइकाला पंधरा मिनिटांत ताट हवे असते. म्हणून सकाळीच लाल आणि पांढरी अशा ग्रेव्ह्यांची पातेली तयार होतात आणि मागणीप्रमाणे त्यांत भाजी, पनीर वा कोंबडी पडते. लाल ग्रेव्हीत मूठभर तिखट आणि वरून दोन तळलेल्या मिरच्या, की झाले कोल्हापुरी. यात मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. जागेचे भाडे, गॅस आणि कामगारांचा पगार भागवून त्याला जे परवडते तेच तो विकतो.

घरच्या रश्श्याला मात्र हा हिशेब लागू होत नाही, आणि खरी मेख येथेच आहे. हॉटेलातील ताट राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जाते, त्यावर करही बसतो. घरी शिजलेला रस्सा कोणत्याच खात्यावर जमा होत नाही. एखाद्याने आपल्या स्वयंपाकिणीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच दाखविली होती. अर्थशास्त्राच्या वर्गात ती विनोद म्हणून सांगितली जाते आणि वर्ग हसतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८. त्यातही पुरुषांपैकी बहुसंख्य या कामात मुळी उतरतच नाहीत. ही सरासरी उतरणाऱ्यांची आहे.

‘हॉटेलात घरची चव नाही’ आणि ‘हल्ली घरीही पूर्वीची चव राहिली नाही’ ही दोन्ही वाक्ये बहुधा जेवणाऱ्याच्या तोंडी असतात, भाजणारीच्या नव्हे. शाळेत, कचेरीत आठ तास काम करून येणाऱ्या बाईने पाकिटातला मसाला वापरला, तर तिने परंपरा बुडविली असे म्हणण्याचा अधिकार कोणाला? वर्षाची चटणी हवी असेल, तर देठ खुडायला बसणारी माणसे घरात दोन तरी हवीत. आणि त्यांतला एक पुरुष असला, म्हणून मिरचीचा ठसका काही कमी-जास्त लागत नाही.

ज्यांना तेही जमत नाही, त्यांच्यासाठी बचत गटांच्या स्त्रिया चटणी करून विकू लागल्या आहेत. तेथे काय घडते ते पाहण्यासारखे आहे. मिरची, खोबरे, डंखाची मजुरी यांचा दर गिऱ्हाईक निमूटपणे मान्य करते. घासाघीस होते ती वरच्या रकमेवर, म्हणजे भाजण्याच्या आणि खुडण्याच्या मजुरीवर. शेजारच्या दुकानातील पाकिटाचा भाव दाखवून ती रक्कम कमी करून घेतली जाते, आणि त्याच रविवारी तेच गिऱ्हाईक हॉटेलात जाऊन व्हेज कोल्हापुरीचे बिल एका शब्दाने न विचारता चुकते करते.