वॉर्डातून ओपीडीत जाण्याचा नियम करावा

प्रति,
मा. मंत्री महोदय,
वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : लहान मुले असलेल्या परिचारिकांना बाह्यरुग्ण विभागात ठरावीक मुदतीची नेमणूक हक्काने मिळणे व त्यामुळे वॉर्डात रिकामी होणारी जागा भरणे याबाबत.

महोदय,

आम्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात काम करणाऱ्या अधिपरिचारिका व परिसेविका हे निवेदन सादर करत आहोत.

प्रसूती रजेचे १८० दिवस संपले की सिस्टर पुन्हा ड्युटी लिस्टवर येते. सकाळपाळी, दुपारपाळी, मग नाईट. बाळ तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचे असते. बाळाला दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजा, असे प्रत्येक बाळंतिणीला आम्हीच समजावतो. तेच सांगणारी सिस्टर रात्री दोनला सलाइन बदलून झाल्यावर लिननच्या खोलीत दार लोटून दूध काढते आणि ते बेसिनमध्ये ओतून देते, कारण ठेवायला सोय नाही. तेवढ्यात वॉर्डातून हाक आली तर तेही राहून जाते.

म्हणून प्रत्येकीची धडपड ओपीडी मिळवण्याची असते. वेळ ठरलेली, रात्र नाही, रविवार मोकळा. पण ओपीडी कोणाला द्यायची आणि किती काळ, याचा लेखी नियम आमच्यासमोर नाही. कधी ज्येष्ठता पाहिली जाते, कधी आजारपण, कधी ओळख. जिला मिळते तिला ‘तुमची मजा आहे’ हे ऐकावे लागते. जिला मिळत नाही तिच्या वाट्याला दुसरीच्याही नाईट येतात. एकाच वॉर्डात वर्षानुवर्षे एकमेकींना ओव्हर देणाऱ्या बायकांमध्ये यातून तेढ पडते, याचे आम्हाला फार दुःख आहे. यात मेट्रन ऑफिसवर आमचा रोष नाही. अपुऱ्या माणसांत त्यांनी तरी लिस्ट लावायची कशी?

राज्यात २०१८ पासून संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना ती ७३० दिवस मिळते. आम्हाला मंजूर १८० दिवससुद्धा रिलीव्हर असेल तरच हाती लागतात. मग काहीजणी कायम नोकरीचा राजीनामा देऊन कमी पगारात खासगी पॉलिक्लिनिकमध्ये दिवसपाळी धरतात. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजताच नळी अडकली आहे की सुटली आहे हे ओळखणारे हात असे शासनाच्या सेवेतून जातात, तेही ऐन कर्तृत्वाच्या वयात. मूल शाळेत जाऊ लागल्यावर परत यावे म्हटले, तरी तोवर वाट बंद झालेली असते.

ओपीडी म्हणजे आराम, हा समजही आम्हाला मान्य नाही. मधुमेही रुग्णाच्या पायाचे ड्रेसिंग सोडल्यावर जखमेच्या कडेचा काळपटपणा पाहून त्याला आजच सर्जरीला दाखवायचे की परवा पुन्हा बोलवायचे, हे वॉर्डात असे पाय पाहिलेल्या नजरेला कळते. नव्याने इन्सुलिन सुरू झालेल्या माणसाला कोणीतरी सांगावे लागते की ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची, ४० चीच सिरिंज घ्यायची. १०० ची घेऊन तितक्याच खुणेपर्यंत भरली तर डोस निम्म्याहूनही कमी जाईल. तो अर्धशिक्षित असेल तर त्याच्याच हाताने भरून दाखवायला लावावे लागते. हे काम नीट झाले तर तोच रुग्ण पुढे स्ट्रेचरवरून आमच्याच वॉर्डात येत नाही. अनुभवी परिचारिका ओपीडीत गेल्याने रुग्णालयाचे नुकसान होत नाही, हे प्रशासनाने मान्य करावे.

यास्तव आमची मुख्य मागणी अशी की, मूल तीन वर्षांचे होईपर्यंत आईने लेखी अर्ज केल्यास तिला ओपीडी, लसीकरण किंवा डे-केअर विभागात दिवसपाळीची नेमणूक देण्याचा शासन निर्णय काढावा. एकट्याने मूल सांभाळणाऱ्या परिचारकांनाही तो लागू असावा. अर्जांची क्रमवार यादी मेट्रन ऑफिसच्या फलकावर लावावी. मुदत संपल्यावर तिला वॉर्डात परत घेताना ज्येष्ठतेला व पदोन्नतीला धक्का लागू नये, आणि आयसीयूसारख्या ठिकाणी परतताना काही दिवस जोडीला अनुभवी सिस्टर द्यावी.

मात्र वॉर्डातली तिची जागा त्याच दिवशी भरली गेली पाहिजे. एकीच्या बाळासाठी दुसरीने महिन्यातून दोनदा नाईटचा आठवडा करावा, असा न्याय आम्हाला नको. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि रजेसाठी ३० टक्के जादा पदे हवीत. रिक्त पदे भरल्याशिवाय वरील शासन निर्णय कागदावरच राहील, म्हणून दोन्ही एकत्र करावे.

प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी पाळणाघराचे तत्त्व मान्य केले. रुग्णालय चोवीस तास चालते, तेव्हा आमचे पाळणाघरही रात्री उघडे हवे. सोबत दूध काढण्यासाठी आतून कडी असलेली खोली आणि एक फ्रीज द्यावा. याला मोठा खर्च नाही. हे या महिन्यातही होऊ शकते.

कंत्राटी भगिनींना वगळून कोणताही निर्णय होऊ नये, ही विनंती. रजा मागितली तर कराराचे नूतनीकरण होईल का, या धास्तीने त्या अर्जच करत नाहीत.

या विषयावर आपल्या दालनात बैठक लावावी व तीत प्रत्यक्ष वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकांना बोलवावे. बैठक दुपारी ठेवल्यास नाईट उतरून येणाऱ्यांनाही पोहोचता येईल.

आपल्या विश्वासू,
अधिपरिचारिका व परिसेविका
(स्वाक्षऱ्यांची यादी सोबत जोडली आहे.)