प्रश्नकर्त्याचे नाव

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) सुरू केलेले महाविद्यालय मिलिंद या ग्रीक राजाच्या नावाने ओळखले जाते. त्याला उत्तरे देणाऱ्या भिक्खू नागसेनांचे नाव परिसराला आहे. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये नागसेन अट घालतात: वाद राजासारखा नव्हे, पंडितासारखा व्हावा, चूक दाखवली तरी पंडित रागावत नाही.

प्लेटोच्या ‘मेनो’मध्ये सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला केवळ प्रश्न विचारतो. दोन उत्तरे चुकल्यावर मुलाला उमगते, की दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कर्णावर उभा राहतो. भूमिती कळूनही तो मात्र गुलामच राहिला. ज्ञानाने माणसाची स्थिती पालटावी, हा आग्रह नागसेनवनाचा.

आपल्या वर्गांत मात्र नोट्स उतरवल्या जातात, प्रश्न उमटत नाहीत. मग मिलिंदाचा वारसा सांगायचा कशाच्या बळावर?