आधी लिहू द्या, मग तपासा

जूनचा हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतील. मुळशीत भाताची रोपं डोकं वर काढत असतील, ताम्हिणीकडच्या वाड्यांवर पावसाने ठाण मांडलेलं असेल आणि वर्गावर्गात कोऱ्या वह्यांना कव्हरं चढत असतील. मार्चपर्यंत या वह्या भरतील, यात शंका नाही. त्या कशाने भरतील, हे मात्र आपण शिक्षकांनी आजच ठरवायला हवं.

आपल्या बहुतेक शाळांत वही भरते ती अनुलेखनाने, श्रुतलेखनाने आणि फळ्यावरून उतरवून घेतलेल्या प्रश्नोत्तरांनी. या सगळ्याचा उपयोग आहे. अक्षराला वळण येतं, हात बसतो, ओळ सरळ राहते. पण यातला एकही शब्द मुलाने स्वतः निवडलेला नसतो. चौथीत निबंध येतो तोही सांगून लिहून घेतलेला किंवा गाइडमधून पाठ केलेला. मग एखाद्या दिवशी आपण म्हणतो, ‘काल घरी काय काय झालं ते लिहा बरं.’ लगेच निम्मा वर्ग मान वर करून विचारतो, ‘सर, काय लिहायचं? तुम्ही सांगा ना!’ आपण याला मुलांचा बुजरेपणा म्हणतो. खरं तर तीन-चार वर्षं आपण जे शिकवलं तेच मूल आपल्याला परत देत असतं. लिहायचं काय ते सर सांगणार आणि चुकलं कुठे तेही सरच दाखवणार, एवढं त्याला पक्कं कळलेलं असतं.

लेखनाकडे असं दुर्लक्ष होण्यामागे एक साधं कारण आहे. वाचन मोजता येतं. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचावेत आणि तिसरीत किमान ६० वाचावेत, असं लक्ष्य ठेवलं. ‘असर’च्या ग्रामीण सर्वेक्षणांचा भरही वाचन आणि गणितावरच राहिला आहे. मुलाने स्वतःच्या मनातलं लिहिलं की नाही, हे घड्याळ लावून मोजता येत नाही. जे मोजलं जात नाही ते वेळापत्रकात मागे पडतं, हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव आहे.

मुळशी तालुक्याचं उदाहरण मुद्दाम घेऊ, कारण महाराष्ट्रातली दोन्ही टोकं इथे एका तालुक्यात सापडतात. पूर्वेला हिंजवडी, माण, पिरंगुट. तिथल्या वर्गात गावकऱ्यांच्या मुलांशेजारी बांधकामावरच्या आणि कारखान्यातल्या कामगारांची मुलं बसतात. कुणाच्या घरी मराठवाडी बोली, कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी कन्नड. पश्चिमेला धरणाच्या पाण्याकाठच्या आणि घाटमाथ्यावरच्या वाड्या. तिथे शाळा लहान, शिक्षक दोन, वर्ग चार. या दोन्ही टोकांच्या मुलांना आपण विषय देतो तो एकच, ‘पावसाळा’. आणि दोघांच्याही वहीत सापडतं तेच: पावसाळा हा एक महत्त्वाचा ऋतू आहे, सृष्टी हिरवा शालू नेसते, मोर नाचतो. ताम्हिणीचा पाऊस दरवर्षी अंगावर घेणाऱ्या मुलाला पावसाबद्दल पाठ केलेलं वाक्य लिहावं लागतं, ही आपल्या अध्यापनातली मोठी उणीव आहे.

आता समजा, याच मुलांपैकी तिसरीतल्या एकीने स्वतःच्या मनाने असं लिहिलं:

‘आमच्या खाचराचा बांद फुटला. पानी सगळं खाली गेलं. दादा आनि मि दगडं लावली. आजि बोलली ऱ्हाऊद्या आता.’

लाल पेन हातात घेतलं तर या चार ओळींत निदान पाच गोल होतील आणि बोलीतला ‘ऱ्हाऊद्या’ही बहुधा खोडला जाईल. पेन जरा बाजूला ठेवून वाचू या. प्रसंग आहे, त्याचा क्रम आहे, मुलांनी केलेली धडपड आहे आणि शेवटी आजीचं बोलणं आहे, तेही तिच्याच तोंडच्या शब्दांत. तिसरीच्या मुलीने याहून अधिक काय करायला हवं?

आता चुका पाहू. ‘पानी’ आणि ‘आनि’ यांचं मूळ एकच. घरच्या बोलीत ‘ण’ उच्चारला जात नाही, मूल ऐकतं तेच लिहितं. ‘मि’ आणि ‘आजि’ यांचं मूळही एक. बोलताना ऱ्हस्व-दीर्घातला फरक आपल्यालाही फारसा ऐकू येत नाही, मग मुलाला कसा येईल? राहिला ‘बांद’. तो कानाने ऐकलेला आणि कानाबरहुकूम लिहिलेला. म्हणजे पाच चुकांच्या मुळाशी शिकवायच्या गोष्टी तीनच आहेत. मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि शेवटचा उकार दीर्घ लिहायचा, हा एक नियम मुलांना नीट कळला तर त्यांच्या वहीतल्या कितीतरी चुका आपोआप जातील. ‘आणि’ आणि ‘नि’ हे त्याचे अपवाद. आपल्या या मुलीने ‘आनि’ची वेलांटी बरोबर काढली आहे, हेही तिला सांगायला हवं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. पहिल्या दिवशी तिच्या वहीत एवढंच लिहा: ‘मग बांध पुन्हा घातला का? कोणी घातला?’ ती उत्तर लिहील आणि चाराच्या आठ ओळी होतील. शेवटच्या वेलांटीचा नियम त्या आठवड्यात सगळ्या वर्गाला फळ्यावर शिकवा आणि मुलांना आपापल्या वहीत असे शब्द शोधून दुरुस्त करायला सांगा. एका आठवड्याला एकच नियम. शुद्धलेखन सोडून द्या, असं आम्ही अजिबात म्हणत नाही. शुद्ध लिहिणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. पण दुरुस्त करायला आधी काहीतरी लिहिलेलं असावं लागतं, आणि पहिल्याच ओळीला पाच गोल पडलेलं मूल दुसरी ओळ लिहायला धजत नाही. त्यानंतर ते फक्त येणारे शब्द वापरतं. ‘खाचर’, ‘बांध’ गळून पडतात. उरतं ते ‘पाऊस मला आवडतो’.

बाराखडी पूर्ण झाल्याशिवाय मूल लिहिणार कसं, ही शंका पहिलीच्या शिक्षकांकडून नेहमी येते. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी या शंकेला कामातून उत्तर दिलं. मोजकी अक्षरं आणि एखादी मात्रा हाती आली की त्यांतून मुलाने अर्थपूर्ण शब्द वाचायचे आणि लिहायचेही, वाचन आणि लेखन हातात हात घालून पुढे न्यायचं, ही तिथली रीत. त्याही आधी मूल चित्र काढतं. चित्राबद्दल त्याला बोलतं करावं आणि ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहून द्यावं. आपलं बोलणं कागदावर उतरतं, हे ज्या मुलाने एकदा पाहिलं, ते दुसऱ्या दिवशी पेन्सिल स्वतःहून मागतं.

दोन शिक्षकी शाळेत हे जमेल का? इटलीतल्या बार्बियाना या डोंगरातल्या लहान गावात लोरेंझो मिलानी यांच्या शाळेतली मुलं एकत्र बसून लिहीत. सुचेल तो मुद्दा चिठ्ठीवर टिपायचा, सारख्या चिठ्ठ्या एकत्र लावायच्या, क्रम ठरवायचा आणि मग एकेक वाक्य सगळ्यांनी मिळून घासायचं. याच पद्धतीने आठ मुलांनी एका शिक्षिकेला लिहिलेलं पत्र १९६७ मध्ये पुस्तकरूपात आलं आणि मराठीत ते ‘प्रिय बाई’ म्हणून पोचलं. बहुवर्ग शाळेला ही रीत फार सोयीची आहे. पहिलीतला सांगेल, तिसरीतली चिठ्ठीवर लिहील, चौथीतला जुळवेल. ज्याच्या घरी वेगळी भाषा आहे त्याने अडलेल्या जागी आपला शब्द खुशाल घालावा, मराठी शब्द वर्ग सुचवेल.

आणि विषय? मुळशीच्या मुलांना विषयांची वाण नाही. १९२१ साली याच खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे बिरुद इथेच मिळालं. धरणाआधी आपलं जुनं गाव कुठे होतं, शेत कुठे गेलं, हे चौथीच्या मुलाने घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहावं. हिंजवडीच्या मुलाने आई कामावर किती वाजता निघते ते लिहावं. पिरंगुटच्या मुलीने शाळेत येताना रस्ता कसा ओलांडते ते लिहावं. जे ठाऊक आहे ते लिहायला मिळालं तर मूल काय करू शकतं, याचा दाखला पुण्यातच आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. तिच्या समाजात शाळेची पायरी चढणाऱ्या पहिल्या काही मुलींपैकी ती एक होती. तिने सोसलेलं आणि पाहिलेलं लिहिलं, म्हणूनच पावणेदोनशे वर्षं होत आली तरी तो निबंध वाचला जातो.

केंद्रप्रमुखांना आणि अधिकाऱ्यांनाही एक विनंती. वहीत लाल शाई दिसली नाही की शिक्षकाने काम केलं नाही, हा समज सोडायला हवा. लाल शाई हा कामाचा पुरावा असेल, पण शिकल्याचा पुरावा नव्हे. शाळाभेटीत तपासलेली पानं मोजण्याऐवजी मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेलं एक पान मागा आणि ते त्याला मोठ्याने वाचायला सांगा. पालकसभेतही तेच पान वाचू द्या. आईबापांना आपल्या घरातली गोष्ट शाळेत ऐकू आली की वहीतल्या गोलांची चौकशी मागे पडते.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, या वर्षी एवढं करा. प्रत्येक मुलाला एक वेगळी वही द्या, जिला गुण नाहीत. परिपाठानंतर रोज पंधरा मिनिटं त्या वहीसाठी राखा आणि त्या वेळात तुम्हीही मुलांबरोबर बसून लिहा. आठवड्याला शुद्धलेखनाचा एक नियम शिकवा. महिन्याला एक लेखन मुलाकडून पुन्हा नीट लिहून घ्या आणि भिंतीवर लावा. यासाठी परिपत्रकाची वाट पाहू नका, वेगळा निधीही लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यातली काही पानं आमच्याकडे पाठवा, मुलांच्या शब्दांत, त्यांच्या बोलीसह. आम्ही ती या मासिकात छापू.