दीड कोटीचा चढाईपटू आणि आमचे नाना

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. आज लिहितोय ते थोडं रागातच, तेव्हा नातेवाइकांनी आधीच माफ करावं.

आखाजीला धरणगावी गेलो होतो. ताई माहेरी आलेली, सोबत भाचा. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस हाणून सगळे ओट्यावर सुस्तावले होते आणि विषय निघाला भाच्याच्या कबड्डीचा. पोरगा अकरावीत आहे, चढाई चांगली करतो. दाजींनी त्याचे बूट माळ्यावर टाकलेत, कारण आता नीटचा क्लास. मी म्हटलं, आठवड्यातून तीन संध्याकाळी खेळू द्या की! तर नानांनी सिद्धार्थ देसाईचं उदाहरण काढलं. "एक सालना खेयवर दीड कोट? येडा शेतस का त्या?" सगळे हसले. मी गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून टोचतंय, म्हणून हा लेख.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिद्धार्थ देसाई हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा पोरगा. प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामात, २०१८ साली, यू मुंबाने त्याला ३६.४ लाखांत घेतलं. पहिलाच हंगाम, आणि पठ्ठ्याने चढाईत दोनशेच्या वर गुण काढले. एप्रिल २०१९च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १.४५ कोटी लावले. त्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली!

नानांचा पहिला मुद्दा असा, की एका हंगामावरून एवढी किंमत म्हणजे जुगार. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण एक हंगाम म्हणजे एक सामना नव्हे हो. वीसेक सामने, प्रत्येक चढाई तीस सेकंदांची, आणि समोरचे संघ तुमच्या चढाया पुन्हा पुन्हा पाहून आलेले. नाना, तुम्ही आयुष्यभर कापूस विकलात. व्यापारी अख्खी गाडी थोडीच पिंजून बघतो? मूठभर कापूस घेतो, धागा ओढतो, ओल बघतो आणि भाव बोलतो. वीस सामने ही काही लहान मूठ नाही. आणि पुढच्या हंगामात काय झालं? सिद्धार्थने पुन्हा दोनशेच्या वर गुण काढले. धागा लांबच निघाला!

यावर धाकट्या काकांनी टोला हाणला, "मग संघ अकरावा का आला?" खरंय. बारा संघांत टायटन्स अकरावे आले. पण हा दोष चढाईपटूचा की खरेदी करणाऱ्याचा? तेव्हा संपूर्ण संघ उभा करायला ४.४ कोटींची मर्यादा होती. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा एकावर गेला. आता कबड्डीचा साधा नियम आठवा. चढाईपटू बाद झाला की बाकावर. तो आपला आपण जिवंत होत नाही, दुसऱ्या कुणीतरी गुण आणावा लागतो. बाकीचे सहा कच्चे असतील तर तुमचा दीड कोटी बाकावर बसून टाळ्या वाजवणार. पोराची किंमत बरोबरच होती. चुकला तो उरलेला बाजार.

आणि हे एकट्या सिद्धार्थचं नाही. २०२२ साली तमिळ थलैवाजने पवन सेहरावतवर २.२६ कोटी लावले. तो पहिल्याच सामन्यात जखमी झाला, तरी संघ उपांत्य फेरीत गेला. पुढच्या लिलावात टायटन्सने त्याच पवनवर २.६०५ कोटी लावले. तो हंगामभर खेळला आणि संघ तळाला राहिला. म्हणजे संघ एका माणसाने तरत नाही आणि एका माणसाने बुडतही नाही.

आता जिथे नाना बरोबर आहेत ते मान्य करतो. शरीराचा भरवसा नसतो. आठव्या हंगामात सिद्धार्थ सुरुवातीलाच जखमी झाला आणि टायटन्सने बावीस सामन्यांत फक्त एक जिंकला. खांदा किंवा गुडघा गेला की भाव कोसळतो. पण "मग कोण विचारतं" हे काही खरं नाही. २०२३च्या लिलावात हरियाणा स्टीलर्सने त्याला एक कोटीला घेतलं आणि तो संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला.

माझा खरा राग मात्र वेगळाच आहे. भाच्याला दहावीला ८८ टक्के पडले. एक परीक्षा, पाच-सहा पेपर. तेवढ्यावर दाजींनी क्लास, होस्टेल, पुस्तकं मिळून काही लाख लावले. तेव्हा ओट्यावरच्या एकानेही विचारलं नाही की एका निकालावर एवढी बोली का? आपणही लिलावच करतो, फक्त त्याला शिक्षण म्हणतो. पोरगा त्यात टिकेलही, नाही टिकणारही. जुगार तिथेही आहेच. मग हसायला फक्त कबड्डीच का?

भाचा प्रो कबड्डीत जाईल असं मी अजिबात म्हणत नाही. बहुधा नाहीच जाणार. क्लास बंद करा असंही म्हणत नाही. तुमच्याच हिशोबाने बोलतो : सगळे पैसे एकावर लावू नका. चढाईपटू बाद झाला तर त्याला जिवंत करणारा कुणीतरी मैदानात हवा. पोराचा एखादा पेपर बिघडला, तर त्या दिवशी संध्याकाळी त्याला उठवून उभं करणारं काय शिल्लक ठेवलंय आपण?

ताई, तू हे वाचतेस ते मला माहीत आहे. दाजींशी मी फोनवर बोलेनच. तोवर तू एवढंच कर, माळ्यावरचे बूट खाली काढून उन्हात ठेव. पावसाळ्यात तळवे सुटतात.

असो. नानांचं उत्तर येईलच, तेही इथेच छापेन. :)