पेट्रोलची की विजेची?



गेल्या पावसाळ्यात तास संपल्यावर बारावीचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, बाबांका नवी गाडी घेवची आसा. पेट्रोलची घेवची की लायटीवरची?" त्याचे वडील आचऱ्याहून मालवणला रोज कामासाठी येतात, जाऊन-येऊन सुमारे ४० किलोमीटर. घरात दुचाकी एकच. प्रश्न साधा दिसला, तरी त्याच्या उत्तरात त्या घराचे बरेच पैसे अडकलेले होते. म्हणून "विजेची चांगली" असे मोघम उत्तर न देता आम्ही दोघांनी फळ्यावर हिशेब मांडला. तोच तुमच्यापुढे ठेवतो. त्याला लागणारे पदार्थविज्ञान शाळेत शिकता तेवढेच आहे.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ९ युनिट ऊर्जा मिळते. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात ३६ लक्ष ज्यूल. पेट्रोलची दुचाकी लिटरला ४५ किलोमीटर धावते असे धरले, तर एका युनिटमागे ५ किलोमीटर झाले. विजेची दुचाकी मात्र घरातल्या प्लगमधून घेतलेल्या एका युनिटवर सुमारे २५ किलोमीटर जाते. हा पाचपट फरक कोठून आला?

पेट्रोलचे इंजिन हे उष्णता-इंजिन आहे. उष्णतेचे संपूर्णपणे कार्यात रूपांतर करता येत नाही, ही निसर्गाचीच मर्यादा. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ साली तिचा पाया घातला. दुचाकीच्या इंजिनात पेट्रोलच्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. उरलेली उष्णता धुराबरोबर हवेत जाते. विजेच्या मोटरला ही मर्यादा नाही. ती मिळालेल्या ऊर्जेपैकी शेकडा ८० ते ९० भाग कामी लावते.

आता पैसे पाहू. चाळीस किलोमीटरला पेट्रोल जवळजवळ एक लिटर, म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास. वीज लागेल १.६ युनिट. युनिटचा दर दहा रुपये धरला, तरी सोळा रुपये. महिन्याला पंचवीस दिवसांत दोन हजारांहून अधिक रुपये वाचतात. परंतु घाई करू नका. ही बचत रोज गाडी चालवणाऱ्याची आहे. आठवड्यातून एकदा बाजाराला जाणाऱ्याची बचत इतकी थोडी, की बॅटरी जुनी होऊन बदलावी लागली तर ती सारी तिच्यातच जाईल.

तुम्ही म्हणाल, वीज तरी कोळसा जाळूनच होते ना? मग धूर मालवणात न निघता चंद्रपूरला निघाला, एवढाच फरक! शंका रास्त आहे, म्हणून तिचाही हिशेब करू. एक लिटर पेट्रोलमधून सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे किलोमीटरला ५१ ग्रॅम. आपल्या देशातल्या एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलोग्रॅम निघतो. तारांमधली गळती धरून ०.८ म्हणू. त्यात गाडी २५ किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला ३२ ग्रॅम. घट आहे, पण धूर शून्य झालेला नाही. बॅटरी तयार करताना होणारे प्रदूषण वेगळेच. सारी वीज कोळशाचीच असती, तर हा फरक नावापुरताच उरला असता. तो वाढतो कोयनेच्या पाण्याने, देवगडच्या पवनचक्क्यांसारख्या वाऱ्यावरच्या विजेने आणि छपरावरच्या सौर पट्ट्यांनी. पेट्रोलची गाडी जन्मभर पेट्रोलच पिणार. विजेची गाडी मात्र वीज जसजशी स्वच्छ होईल, तसतशी स्वतःही स्वच्छ होत जाईल. मला तिचा हा सर्वांत मोठा गुण वाटतो.

"पण ही गाडी घाट चढेल का?" माझ्या विद्यार्थ्याने विचारले. करा गणित. दोन माणसांसह गाडीचे वस्तुमान २५० किलोग्रॅम आणि आंबोलीचा चढ सुमारे ६०० मीटर धरा. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार सुमारे १५ लक्ष ज्यूल येतो, म्हणजे अर्ध्या युनिटाहूनही कमी! तीन युनिटांच्या बॅटरीला हे जड नाही. शिवाय उतारावर मोटरच जनित्र बनते आणि यातली काही ऊर्जा बॅटरीत परत येते. पेट्रोलच्या गाडीत ती ब्रेक तापवण्यात वाया जाते.

मग अडचणी नाहीतच का? आहेत, आणि आपल्या किनाऱ्यावर जरा जास्तच. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळानंतर अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती, हे तुम्हांला आठवत असेल. खारी हवा विजेच्या जोडण्यांना गंज चढवते. उन्हाळ्यात जांभा कोरडा पडला की घराचे अर्थिंग कमकुवत होते. म्हणून गाडी घेण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि साध्या लोंबत्या वायरवर गाडी कधीही चार्ज करू नये.

आणखी एक मर्यादा वजनाची. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. एक किलो बॅटरीत एका युनिटाचा सातवा हिस्सासुद्धा कसाबसा मावतो. त्यामुळे आंब्याच्या पेट्या रातोरात मुंबईला नेणाऱ्या ट्रकला आज बॅटरी सोयीची नाही.

पण जिला बॅटरी वाहावीच लागत नाही, अशी विजेची गाडी आपल्या जिल्ह्यातून रोज धावते. ती म्हणजे कोकण रेल्वे! ती वरच्या तारेतून वीज घेते. व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची रेल्वे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली; कोकण रेल्वेच्या विद्युतीकरणाला २०२२ साल उजाडले. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) गेली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवरची 'शिवाई' सुरू झाली. तेव्हा विजेची वाहतूक म्हणजे केवळ श्रीमंताची मोटार, असे समजू नका. चाळीस माणसांना नेणारी एक विजेची एस. टी. चाळीस विजेच्या दुचाक्यांपेक्षा केव्हाही चांगली, आणि अशा गाड्या मालवण-कुडाळ रस्त्यावर भरपूर धावाव्यात, अशी मागणी आपण केली पाहिजे.

माझे मत असे : चालती गाडी मोडीत काढून विजेची घेण्यात शहाणपण नाही. पण जुनी गाडी थकली असेल, रोजची फेरी पन्नास किलोमीटरच्या आत असेल आणि घरचे अर्थिंग पक्के असेल, तर विजेचीच दुचाकी घ्यावी. मुंबईला जायचे झाल्यास कुडाळ किंवा कणकवलीहून रेल्वे आहेच.

त्या विद्यार्थ्याच्या घरी या तिन्ही अटी पुऱ्या होत होत्या. फक्त अर्थिंगचा खड्डा नव्याने खणावा लागला. शिक्षकांना विनंती, की हा हिशेब वर्गात करवून घ्यावा. आणि मित्रहो, माझे आकडे तुम्ही जसेच्या तसे मानू नका. महिनाभर घरच्या गाडीचे किलोमीटर आणि पेट्रोल वहीत टिपा, विजेच्या बिलावरचा दर पाहा आणि मग तुमचे उत्तर घरच्यांपुढे ठेवा. ते माझ्यापेक्षा निराळे आले, तरी चालेल. हिशेब मात्र चोख हवा.