मायबापांचा जमाखर्च
प्रेक्षकाला ‘मायबाप’ म्हणण्याची रीत आज उपचारापुरती उरली असली, तरी संगीत रंगभूमीवरील गायक-नट नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांच्या तोंडी तो शब्द निव्वळ विनयाचा नव्हता, तर त्यांच्या साऱ्या व्यवसायाचा जणू मूळ दस्तऐवजच होता; आणि १९१३ साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह काढलेल्या गंधर्व नाटक मंडळीत भरजरी शालू, अत्तरे आणि गालिचे यांवर जो बेसुमार खर्च होई, त्याचे समर्थनही, मला वाटते, त्याच दस्तऐवजात सापडावे. पदामागून पद, ‘वन्स मोअर’मागून ‘वन्स मोअर’, आणि नाट्यवस्तू बिचारी विंगेत तिष्ठत उभी, ही टीकाकारांची फिर्याद रास्त होती. पण प्रेक्षकाला अन्नदाता मानणाऱ्या नटाने त्याने मागितलेले पद नाकारावे कसे? १९११च्या मार्चमध्ये, ‘मानापमान’ नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, पोटची मुलगी गेली असता हा गृहस्थ नायिका भामिनीच्या वेषात उभा राहिला, हे आठवले की टीकाकाराची लेखणीही (माझी तर खासच) अडखळते. पुढे मंडळी कर्जात बुडाली, तेव्हा नादारीची कायदेशीर पळवाट न धरता त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून सावकारांची देणी फेडली. १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते संत एकनाथ झाले खरे, परंतु तेथे समोर मायबाप नव्हते, आणि पुन्हा म्हणा असे कोणी सांगितलेच तर ते चूक झाली म्हणून, लवकरच ते नाटकाकडे परतले.